ताळा करण्याचा अधिकार

एखादे कौशल्य समाजातून नाहीसे होते तेव्हा नेमके काय नाहीसे होते? प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. दोन अंकी बेरजेसाठी फोन बाहेर काढणारा पदवीधर पाहिला की जुनी पिढी हळहळते. यंत्र अचूक उत्तर देत असताना डोके का शिणवायचे, असे नवी पिढी विचारते. या दोन्ही प्रतिक्रिया एकाच गृहीतकावर उभ्या आहेत. तोंडी हिशोब म्हणजे उत्तर काढण्याचे एक साधन, असे दोघेही धरून चालतात. एकाला ते साधन गेल्याचे दुःख आहे, दुसऱ्याला त्याहून सरस साधन मिळाल्याचे समाधान. प्रस्तुत निबंधात हे गृहीतकच तपासून पाहावयाचे आहे.

मराठी शाळेतील उजळणीचे उदाहरण घेऊ. पाढ्यांच्या जोडीने पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी अपूर्णांकांची कोष्टके मुलांकडून घोकून घेतली जात. औट म्हणजे साडेतीन. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. मणाचे चाळीस शेर, शेराचे चार पावशेर. व्यवहारच असा चौथाईने चालत असल्यामुळे या कोष्टकांना अर्थ होता. चौदा आणे शेराचा जिन्नस साडेतीन शेर घेतला, तर औटकीतले चौदाचे उत्तर, एकोणपन्नास, जिभेवर तयार असे. एकोणपन्नास आणे म्हणजे तीन रुपये एक आणा. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने-मापे आली, आणि या कोष्टकांच्या पायाखालची जमीन सरकली. खिशात मावणारे कॅल्क्युलेटर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. औटकी यंत्राने हिरावून घेतली नाही. ती ज्या जगासाठी होती ते जगच उरले नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. औटकी म्हणणारे मूल गणित करीत नव्हते. कोणीतरी पूर्वी करून ठेवलेले गणित ते आठवत होते. कोष्टक हेही एक साधनच होते, फक्त ते स्मृतीत बसविलेले होते. तेव्हा 'माणूस विरुद्ध यंत्र' ही मांडणी प्रारंभीच फसवी ठरते. साधन बाहेर आहे की आत, हा भेद नैतिकदृष्ट्या निर्णायक नाही. निर्णायक काय, हे शोधावयास हवे.

या चर्चेत प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादातील थ्यूथ आणि थामस यांची कथा हमखास सांगितली जाते. लेखनकलेमुळे माणसे विसराळू होतील, असे थामस राजा म्हणतो. परंतु स्मरणशक्तीची हानी हा त्या आक्षेपाचा निम्माच भाग आहे. अशा माणसांपाशी शहाणपणाचा केवळ आभास असेल, हा त्याचा दुसरा भाग. आणि लिखित शब्दाला प्रश्न विचारला तर तो पुन्हा तेच सांगतो, ही सॉक्रेटीसने त्याला दिलेली जोड. म्हणजे मुद्दा स्मरणाचा नसून उत्तरदायित्वाचा आहे. हे असेच का, असे विचारल्यावर ज्याला काही सांगता येत नाही त्याच्यापाशी उत्तर आहे, ज्ञान नाही.

या दृष्टीने पाहता सगळी साधने सारखी नाहीत. नेपियरने १६१४ साली लॉगची कोष्टके प्रसिद्ध केली. पुढे त्याच तत्त्वावर गणकपट्टी निघाली आणि साडेतीन शतके अभियंत्यांच्या हाती राहिली. या पट्टीवर २.४, २४ आणि २४० यांची खूण एकच. पट्टी अंक देई, दशांशचिन्ह देत नसे. उत्तर शेकड्यात येणार की हजारांत, याचा अदमास वापरणाऱ्याने आधीच बांधलेला असावा लागे. लॉगचेही तसेच: दशांशी भाग कोष्टकातून घ्यायचा, पूर्णांकी भाग स्वतः ठरवायचा. १९७२ साली ह्यूलेट-पॅकार्डचे खिशात मावणारे वैज्ञानिक कॅल्क्युलेटर आले आणि थोड्याच वर्षांत पट्टी निकालात निघाली. वेग वाढला, अचूकता वाढली, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु जुन्या साधनाने माणसासाठी जी एक जागा सक्तीने राखून ठेवली होती, ती नव्या साधनात ऐच्छिक झाली. आणि ऐच्छिक झालेली शिस्त फार काळ टिकत नाही.

त्या जागेला मराठीत नेमका शब्द आहे: ताळा. गुणाकार झाल्यावर नवाचा ताळा पाहण्याची रीत जुन्या विद्यार्थ्याला ठाऊक असे. ४८ गुणिले ३७ बरोबर १७७६. अठ्ठेचाळीसच्या अंकांची बेरीज करीत गेले की तीन, सदतीसची एक, त्यांचा गुणाकार तीन. इकडे १७७६ चीही तीन. ताळा जमला. मात्र कोणी १७६७ लिहिले असते तरीही तो जमलाच असता, कारण अंकांची अदलाबदल या पद्धतीला दिसत नाही. ताळा सत्याची हमी देत नाही. आपले उत्तर चुकीचे असू शकते, ही जाणीव तो जागी ठेवतो. त्याचे मोल उत्तरात नसून या वृत्तीत आहे.

एकनाथांच्या चरित्रपरंपरेतील एक आख्यायिका प्रसिद्धच आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या हिशोबात एका पैची चूक येत होती. नाथ रात्रभर जागले, चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. एका पैच्या चुकीचा शोध लागल्यावर एवढा आनंद, तर हेच अवधान ईश्वराकडे लावल्यास केवढा होईल, असे गुरूंनी म्हटले. परंपरेने येथे पैला तुच्छ लेखले आहे, असा अर्थ सहसा काढला जातो. मला ते पुरते पटत नाही. गुरूंना शिष्याची पात्रता कळली ती हिशोबातूनच. अवधान एकच, त्याचा विषय बदलतो.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. हे अवधान कोणाला परवडत होते? उजळणीची शाळा सर्वांना खुली नव्हती. स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना तर नव्हतीच. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे अनेक कुळांना वाचताही येत नसे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. त्या उठावामागे सारा, घसरलेले भाव, कोर्टाचे हुकूमनामे अशी अनेक कारणे होती. पण ज्याचा ताळा आपल्याला करता येत नाही असा कागद आपल्यावर सत्ता गाजवतो, हा अनुभवही त्यात होता. म्हणून तोंडी हिशोबाचे स्मरणरंजन करताना हिशोब कोणाच्या तोंडी होता, हे विसरून चालणार नाही. कॅल्क्युलेटरने ही मक्तेदारी मोडण्यास हातभार लावला, हे त्याचे मोठेच ऋण.

मात्र आक्षेपाचा निष्कर्ष उलट दिशेला नेतो. आज एक लाख रुपये वर्षभरासाठी सरळ बारा टक्क्यांनी मिळतात आणि बारा समान हप्त्यांत फेडावयाचे असतात. व्याज बारा हजार, हप्ता ९,३३३ रुपये. यंत्राची आकडेमोड निर्दोष असते. परंतु मुद्दल दरमहा फिटत जाते, म्हणजे कर्जदाराकडे वर्षभर सरासरीने निम्म्याहून थोडीच अधिक रक्कम राहते, आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर आकारले जाते. खरा दर वीस टक्क्यांच्या वर जातो. हे कळण्यास कॅल्क्युलेटर लागत नाही, 'निम्मे' ही कल्पना पुरते. चूक बेरजेत नसून प्रश्नात असते, तेव्हा यंत्र ती दाखवीत नाही. ज्याच्यापाशी अदमास नाही तो हातात यंत्र असूनही १८७५ च्या कुळाइतकाच परस्वाधीन राहतो.

साहित्याच्या अभ्यासकाला या विषयात रस का असावा, याचे उत्तर आता देता येईल. मराठीने नैतिक निवाड्याची भाषा मोठ्या प्रमाणावर हिशोबातून घेतली आहे. 'सोळा आणे खरे', 'पासंगालाही न पुरणे', 'मापात पाप', 'ताळेबंद' हे प्रयोग आपण आजही करतो. आणा गेला, तराजूचा पासंग पाहिलेली माणसे विरळ झाली. शब्द मात्र चालू आहेत. शब्दामागची वस्तू गेली म्हणून अर्थ मरतोच असे नाही. त्यामागची कृती गेली तर मात्र तो पोकळ होतो. ज्याने कधी ताळा केला नाही त्याच्या तोंडी 'ताळेबंद' हा केवळ अलंकार उरतो.

आता यंत्रे आकडेमोडीपाशी थांबलेली नाहीत. कवितेचा सारांश आणि कादंबरीचे परीक्षणही ती लिहून देतात. विद्यार्थ्याने ती वापरू नयेत, असे म्हणणे औटकीसाठी अश्रू ढाळण्यासारखे होईल. त्याला एवढेच विचारावयाचे: हे विधान संहितेशी पडताळून पाहिलेस का, आणि चुकीचे असते तर ते तुला कळले असते का? कौशल्ये काळाबरोबर जातात, जावोत. ताळा करण्याचा अधिकार मात्र कोणी काढून घ्यावा लागत नाही; तो न वापरल्यानेच जातो.