पहिली प्रत

बसा.

रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत. यवतमधलं हे घर सोलापूर रस्त्यापासून थोडं आत आहे. ट्रकची घरघर ऐकू येते, पण भिंतीपलीकडून, दबलेली.

खुर्ची पुढे ओढा. तळवे फरशीवर टेकवा. फरशी गार आहे. तो गारवा पायांना कळू द्या.

श्वास आत घ्या.

सावकाश सोडा.

समोर काळा पडदा आहे आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. किती बाइट गेले, किती टक्के झाले, वेग किती, वेळ किती. आजची रात्र या एका ओळीसोबत काढायची आहे.

बघा. नुसतं बघा.

आकडा वाढतो. थबकतो. पुन्हा वाढतो.

तुम्ही घरातला सगळा ठेवा पहिल्यांदाच दूरच्या सर्व्हरवर पाठवत आहात. तो कुठल्या शहरात आहे ते तुम्हाला माहीत आहे, पण त्याची खोली तुम्ही पाहिलेली नाही. तिथे गार हवा असेल, पंख्यांचा अखंड आवाज असेल. इथे खिडकी उघडी आहे, रातकिडे आहेत, आणि वारा फिरला की गुऱ्हाळाचा गोडसर धूर आत येतो.

तो वास घ्या. घाई नको.

आता डोळे मिटा. त्या फोल्डरमध्ये काय काय आहे ते एकेक आठवा.

स्कॅन केलेला जुना सातबारा. आजोबांच्या वहीची पानं, ज्यांत उसाचा हिशेब आणि लग्नाचा आहेर एकाच शाईत लिहिलेला आहे. पालखीच्या मुक्कामाचे फोटो. काळभैरवनाथाच्या देवळापाशी बसलेली पंगत, पिठलं, भाकरी, वाफ.

आणि एक आवाज. आजीचा. जात्यावरची ओवी, फोनमध्ये धरलेली. मध्येच खोकला, मग पुढची ओळ.

त्या आवाजापाशी थांबा.

हा आवाज आज एकाच डिस्कवर आहे. ती डिस्क तुमच्या हाताच्या अंतरावर आहे. कान द्या. ती फिरते आहे. तिची बारीक घूं ऐकू येते का?

ऐकत राहा.

एक श्वास. आणखी एक.

डोळे उघडा. ओळ तिथेच आहे.

एकूण ४० जीबी जायचं आहे. नेटच्या जाहिरातीत दिसतो तो वेग बहुधा खाली उतरवून घेण्याचा असतो. वर चढवताना हाती येतो तो पुष्कळदा त्याहून कमी. सेकंदाला २ मेगाबिट मिळाले असं धरलं, तर ४० जीबीला ४४ तासांहून थोडं अधिक लागतं. १ मेगाबिट मिळालं तर ८९ तास. तेही मध्ये एकदाही न तुटता.

हे आकडे वाचताना छातीत काही आवळलं का?

तिथे लक्ष न्या. खांदे खाली येऊ द्या. जबडा सैल सोडा.

इतके तास तुम्हाला जागायचं नाही. आत्ता पडद्यावर एक टक्का आहे. तेवढाच बघायचा आहे.

बघत राहा.

आणि आता ओळ थांबते.

वेगाच्या जागी शून्य आहे. नेट गेलं. टॉवरची बॅटरी उतरली असेल. रस्त्याकडेला खोदताना केबलला धक्का लागला असेल. लाइट जाऊन कुठला तरी डबा विझला असेल. कारण आत्ता शोधायचं नाही.

हात कीबोर्डकडे जातो. जाऊ द्या, बघा, आणि तो परत मांडीवर ठेवा.

या थांबलेल्या ओळीकडे बघा. तिच्यात काही हरवलं आहे असं वाटतं. खरंच हरवलं आहे का?

इथून निघणारा मजकूर फार लहान तुकड्यांनी जातो. एकेक तुकडा साधारण दीड हजार बाइटचा. तिकडे पोचला की ‘मिळालं’ असा निरोप उलट येतो. निरोप आला नाही, तर तोच तुकडा पुन्हा निघतो. जिथवरचा निरोप आला, तिथवरचं तिकडे पोचलेलं आहे. निरोप न आलेलं सगळं तुमच्या डिस्कवर आहेच.

मधल्या अंधारात काहीही पडून राहिलेलं नाही.

हे वाक्य आणखी एकदा वाचा. सावकाश.

एक गोष्ट मात्र आधीच केलेली हवी. पाठवणीचं हे काम आरसिंक नावाचा प्रोग्राम करतो आहे. पूर्ण झालेली फाइल तो तिकडे राखतो. पण अर्ध्यावर तुटलेली फाइल तो एरवी पुसून टाकतो. आज्ञेत ‘पार्शल’ हा पर्याय लिहिला असेल, तर अर्धी फाइल तशीच राहते आणि पुढच्या खेपेला तिचा आधार घेऊन काम पुढे जातं. तासाभराचं रेकॉर्डिंग पाऊण जाऊन तुटलं, तरी तो पाऊण भाग वाया जात नाही. तुटक्या नेटवर राहणाऱ्याने हा एक शब्द विसरू नये, असं मला कळकळीने वाटतं.

श्वास घ्या. सोडा.

आरसिंक १९९६ साली आला. ऑस्ट्रेलियात कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी तो लिहिला. त्याची युक्ती शांतपणे पाहण्यासारखी आहे.

तिकडची प्रत स्वतःचे ठोकळे पाडते. प्रत्येक ठोकळ्याची एक छोटी खूण काढते आणि ती खूण इकडे पाठवते. इकडची बाजू आपल्या फाइलवरून बाइटमागून बाइट सरकते आणि बघते, ही खूण माझ्याकडे कुठे जुळते? जुळलं ते पाठवायचं नाही. जुळलं नाही तेवढंच पाठवायचं.

आधी विचारायचं, तुझ्याकडे काय आहे?

ऐकायचं.

मग उरलेलं द्यायचं.

पहिल्या रात्री याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं असतं. म्हणून पहिली प्रत जड असते. ती संपूर्ण जावी लागते. उद्यापासून बदललेलं तेवढंच जाईल आणि बहुतेक रात्री ते काही मिनिटांत संपेल. हा जडपणा एकदाच सोसायचा असतो.

त्या जडपणासोबत थोडं बसा.

यवतला बसून प्रतींचा विचार करताना तुकोबांची गाथा मनात येतेच. देहूची पालखी लोणी काळभोर सोडते, यवतला मुक्काम करते आणि पुढे वरवंडला जाते. गाथा इंद्रायणीत बुडवली आणि ती तरली, ही कथा इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आज तिच्या शेजारी असलेल्या वह्यांकडे बघा.

तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे लिहून घेत होते. इतरही लिहून घेत होते. एकाच्या वहीवरून दुसऱ्याने उतरवून घेतलं. गावोगावी, घरोघरी, बोरूने, दिव्याच्या उजेडात. प्रती फुटल्या आणि पांगल्या.

मग १८६९ ते १८७३ या काळात मुंबई सरकारच्या मदतीने गाथा छापली गेली. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी तिचं संपादन केलं. त्यांच्यापुढे देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखित प्रती होत्या.

ते टेबल डोळ्यांपुढे आणा.

चार ठिकाणच्या वह्या उघड्या आहेत. एकच अभंग चारही ठिकाणी शोधला आहे. बोट या वहीतल्या ओळीवर, मग त्या वहीतल्या ओळीवर. इथे शब्द वेगळा आहे. तिथे चरण नाही. इथे तो आहे.

बोट थांबतं. डोळे परत मागे जातात. पुन्हा वाचतात.

गावं एकमेकांपासून लांब होती, हे या कामाला किती उपयोगी पडलं! एका गावी आग लागली असती, पूर आला असता, वाळवी लागली असती, तरी दुसऱ्या गावची वही राहिली असती.

तुमच्या खोलीतल्या डिस्कशेजारी दुसरी डिस्क ठेवली, तरी दोन्ही एकाच छपराखाली असतात. छपराकडे एकदा वर बघा.

आता पुन्हा ओळीकडे.

अजून शून्य.

राहू द्या.

आजीचा आवाज पुन्हा मनात आणा. अशाच आवाजांसाठी हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ पुण्याहून निघून गावोगाव फिरले. बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या गावांतल्या बायांनी मिळून जमवल्या. आधी कागदावर, मग ध्वनिफितीवर, मग संगणकावर. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्यांतल्या अनेक जगभर ऐकू येतात. गावात गिरणी आली आणि जातं बंद पडलं. ज्या घरातलं जातं आता अंगणात पालथं पडलं आहे, तिथला गळा दूरच्या सर्व्हरवर शाबूत आहे.

तुमच्या आजीची ओवी त्या लाखात नाही. ती राखणं तुमच्याकडे आहे.

याचं ओझं करून घेऊ नका. फक्त हे खरं आहे, एवढं जाणवू द्या.

श्वास आत.

श्वास बाहेर.

खिडकीबाहेर ऐका. कॅनॉलच्या बाजूला बॅटरीचा झोत हलतो आहे. शेतीला या आठवड्यात रात्रीची लाइट आहे. कुणीतरी उसात दारं धरतो आहे. एक सरी भरेपर्यंत तो उभा राहतो. भरली की खोऱ्याने माती ओढतो, पुढची सरी उघडतो. मध्येच मोटर बंद पडते. तो बांधावर बसतो. लाइट आली की जिथे पाणी थांबलं होतं तिथूनच पुढे. भिजलेल्या सऱ्या भिजलेल्याच असतात.

तुमचं कामही तसंच चाललं आहे.

ओळीकडे बघा.

हलली.

तुम्ही काही केलं नाही. आज्ञाच अशी लिहिली आहे की तुटलं तर थोडं थांबायचं आणि पुन्हा लागायचं, पूर्ण होईपर्यंत. ‘टाइमआउट’ लिहिलेला आहे, म्हणून मेलेल्या तारेला धरून ती बसत नाही. वेगावर मर्यादा घातली आहे, म्हणून शेजारच्या खोलीत मुलगी तिचा धडा बघू शकते. आधी लहान आणि मोलाच्या फाइली गेल्या, फोटो आता जात आहेत, लग्नाचा व्हिडिओ सगळ्यांत शेवटी. हे सगळं दुपारी उजेडात करून ठेवायचं असतं. रात्री बघणं तेवढं उरतं.

आणि ठेवा कुलूपबंद करून पाठवत असाल, तर त्याचा परवलीचा शब्द कागदावर लिहून कपाटात ठेवा. दुसरा कागद बहिणीच्या घरी. तो शब्द गेला, तर सर्व्हरवरच्या ४० जीबीतलं एक अक्षरही परत मिळत नाही.

आता थोडा वेळ काहीच वाचू नका.

ओळ.

श्वास.

ओळ.

काही रात्री अशा येतील की ओळ हलणारच नाही. चार दिवस बघितलं आणि टक्के तेच. तेव्हा मन कडू करू नका. ४० जीबी एका छोट्या डिस्कवर घ्या, पिशवीत ठेवा, यवत स्टेशनवरून पुण्याची गाडी धरा. जिथे नेट चांगलं आहे तिथे बसून पहिली प्रत चढवा आणि संध्याकाळच्या गाडीने परत या. रोजचे बदल मग यवतहून जातील. अनुभवी माणसंही असंच करतात. जड पहिली प्रत गाडीने नेणं कमीपणाचं नाही, उलट शहाणपणाचं आहे.

पण आज ओळ हलते आहे. म्हणून आज बसा.

पाठ टेका. डोळे अर्धे मिटू द्या. आकडा न वाचता त्याचं हलणं तेवढं दिसू द्या.

जातं आहे.

थांबलं.

जातं आहे.

किती टक्के झाले, हे विचारावंसं वाटेल. विचारू नका. झोप येत असेल तर जा. पडदा मिटला तरी काम चालू राहील, फक्त संगणकाला झोपू न देण्याची सोय केली आहे ना, ते बघून घ्या. सर्व्हरवर दुरून शिरून काम करत असाल, तर ते ‘टीमक्स’ नावाच्या प्रोग्राममध्ये चालू करा, म्हणजे तुमची तार तुटली तरी तिकडचं काम मरणार नाही.

कधीतरी, परवा किंवा तेरवा, ओळ संपेल. खाली एकूण बेरीज येईल आणि पडदा पुढच्या आज्ञेची वाट बघेल. तेव्हा लगेच उठू नका. तीच आज्ञा आणखी एकदा द्या. या खेपेला ती पटकन संपायला हवी, कारण पाठवायला काही उरलेलं नसेल. त्यानंतर ‘चेकसम’चा पर्याय लावून तिसऱ्यांदा द्या. ती वेळ घेईल. दोन्हीकडची प्रत्येक फाइल पूर्ण वाचून तिची खूण जुळवली जाईल. जुळवू द्या. त्या शांततेतही बसा.

मग कुठलीही एक फाइल निवडा. ती दूरच्या सर्व्हरवरून रिकाम्या फोल्डरमध्ये परत मागवा. मूळ फाइलला हात लावू नका. आलेली फाइल उघडा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. ती नीट उघडेपर्यंत, बॅकअप झाला असं घरात कुणाला सांगू नका.