तळे कोणाचे?



शेतात तळे खोदणे हे पुण्यकर्म म्हणावे की नुसता प्रपंचाचा व्यवहार? कीर्तन आटोपून पारावर बसलो की शेतकरी मंडळी हा प्रश्न हमखास काढतात. प्रश्न साधा दिसतो, पण त्यात खोल पाणी आहे.

आधी पूर्वपक्ष पाहू. शास्त्राने यज्ञयागाला 'इष्ट' म्हटले आणि विहीर, तळे, बाग यांना 'पूर्त' म्हटले. म्हणजे तळे हा धर्मच झाला. शिवाय पुष्कळ जण ज्ञानेश्वरीचा दाखला देतात. जलाशय निर्माण करण्याविषयीची माउलींची ओवी जागोजागी फलकांवर लिहिलेली असते. पण बाबांनो, ओवी कुठे आली आहे तेही पाहावे. ती चौदाव्या अध्यायात, रजोगुण वाढलेल्या माणसाची लक्षणे सांगताना आली आहे. असा माणूस नगरे वसवू म्हणतो, तळी बांधू म्हणतो, वने लावू म्हणतो. आणि एवढे करूनही त्याची हाव 'पुरे' म्हणत नाही.

मग माउलींनी तळ्याला दोष दिला का? नाही. दोष त्या 'पुरे' न म्हणण्याला आहे. तेच तळे पूर्तधर्म होऊ शकते आणि तेच तळे लोभाचे भांडेही होऊ शकते. मग ओळखावे कसे? मन दिसत नाही, पण तळे दिसते. त्यालाच तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, पाणी आले कुठून? 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल अशा शेततळ्यात, बाजूंचा उतार धरून, सुमारे 20 ते 22 लाख लिटर पाणी मावते. एक हेक्टर रानावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 10 लाख लिटर पाणी पडते. त्यातले बरेच जमीन पिते, उरलेले वाहून जाते. हे वाहून जाणारे पाणी अडवले तर कोणाच्या तोंडचे काढले असे होत नाही. म्हणून जागा रानाच्या सखल अंगाला निवडावी, वाहत्या ओढ्याच्या पात्रात खोदू नये आणि पाणी आत येते तिथे गाळ बसायला छोटा खड्डा ठेवावा. पण आपल्या दिंड्या सांगोल्याच्या माळावरून पंढरीला जातात, तिकडच्यासारख्या कोरड्या मुलखात काही तळी पावसाने भरत नाहीत. तळाला प्लास्टिकचा कागद अंथरतात आणि विहिरीचे, बोअरचे पाणी उपसून वर साठवतात. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. माझ्या मोटारीने ओढलेले पाणी शेजारच्या विहिरीतलेही असते. वर आणलेले पाणी ऊनही पिते. उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी उडाले, तरी एवढ्या तळ्यातून रोज साडेचार ते साडेपाच हजार लिटर जाते. सातबारा माझ्या नावाचा असेल, पण खालच्या झऱ्यावर कोणाचे नाव लिहिले आहे?

दुसरा प्रश्न, जास्तीचे पाणी जाते कुठे? सांडवा नीट काढला नाही तर एका रात्रीच्या पावसात बांध फुटतो आणि खालच्याचे पीक वाहून जाते. सांडवा म्हणजे तळ्याने म्हटलेले 'पुरे'. तो खालच्या शेतकऱ्याला विचारून काढावा.

तिसरा प्रश्न, तिथे जीव सुरक्षित आहे का? कागद घातलेल्या तळ्याचा काठ निसरडा असतो. आत पडलेले लेकरू किंवा वासरू वर येऊ शकत नाही. अशा तळ्यांत पोरे बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. कुंपण, आत सोडलेला गाठींचा दोर आणि बाहेर गुरापाखरांसाठी एक हौद यांचा खर्च तळ्याच्या मानाने थोडा असतो. तो वाचवून त्याच पैशात भंडारा घालणे मला पटत नाही.

आता दृष्टांत आपल्याच जिल्ह्यातला. गगनबावड्याला पाऊस कोसळतो आणि शिरोळकडे जाईपर्यंत त्याचा थोडाच अंश उरतो. एकाच जिल्ह्यात एवढा फरक. राजर्षी शाहू महाराजांनी दुष्काळ पाहिला होता. पश्चिमेच्या डोंगरात पडणारे पाणी अडवून खालच्या रानांना द्यावे म्हणून त्यांनी भोगावती नदीवर राधानगरीचे धरण हाती घेतले. पैशाअभावी काम अर्धवट थांबले. 6 मे 1922 रोजी महाराज गेले, आणि धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. भरलेले धरण त्यांनी डोळ्यांनी पाहिले नाही. आज त्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्याला महाराजांनी पावती मागितलेली नाही. फळाची आस न धरता केलेले कर्म कसे असते, हे कोल्हापूरकराला पोथीबाहेरही पाहता येते.

तुम्ही म्हणाल, महाराज राजे होते, आमची दोन एकर जमीन, आम्ही पोटापुरते तळे खोदतो. जरूर खोदा. पोटासाठी पाणी साठवणे हा लोभ नव्हे. संसार टाकून द्या असे संतांनी कधी सांगितले नाही. फक्त खोदण्याआधी जेसीबीवाल्याला भाव विचाराल, तसे बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्यालाही दोन शब्द विचारा. त्याच्या विहिरीची पातळी वैशाखात किती असते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तळे खुशाल बांधावे. पंढरीच्या वाटेवर आपण अनोळखी माणसाच्या हातचे पाणी माउली म्हणून पितो. गावी परतल्यावर शेजारीही माउलीच राहावा, एवढेच मागणे.

रामकृष्ण हरी!