वाटणीतील नाणी

समजा, लंडनला आयुष्य घालवलेल्या मामांच्या मागे बिस्किटांचा डबाभर नाणी राहिली. मृत्युपत्रात तिन्ही भाचरांना सारखा वाटा आहे. थोरला अमेरिकेत सांता क्लारा येथे, धाकटा ठाण्यात, बहीण अश्दोदला. डबा थोरल्याकडे आला आणि ठरले की नाणी मोजून तीन सारखे भाग करावेत. ही वाटणी न्यायाची झाली काय?

उत्तर देण्यापूर्वी नाणी पाहू. ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान पद्धत सुरू केली. पौंडाचे २४० ऐवजी १०० पेन्स झाले. भारतात १९५७ साली आणे जाऊन 'नये पैसे' आले, तसे तिकडे 'न्यू पेन्स'. १९८२ पासून नाण्यांवरचा 'न्यू' शब्द गेला. परंतु १९८३ साली टांकसाळीच्या चुकीने संग्राहकांसाठीच्या काही संचांत दोन पेन्सच्या नाण्यावर पुन्हा 'न्यू पेन्स' उमटले. अशा नाण्यास आज शेकडो पौंड मिळतात. उलट १९७१ ची तशीच नाणी सुमारे १४५ कोटी निघाली. वापरलेल्या अशा नाण्याची किंमत दोनच पेन्स. दोन्ही तांबूस, एकाच आकाराची, अक्षरेही तीच. फरक सालाचा. २००९ चे क्यू गार्डन्सचे ५० पेन्स अवघे २,१०,००० निघाले, म्हणून तेही महाग.

तेव्हा मोजून केलेली वाटणी बरोबर दिसते, पण असेलच असे नाही. थोरल्याने भिंग घेऊन १९८३ चे नाणे ओळखले आणि मुकाट्याने आपल्या भागात ठेवले, तर? तो म्हणेल, "रात्री जागून मी शिकलो. ज्ञानाला मोल नाही काय?" मोल जरूर आहे. त्याने मेहनतान्याचे पैसे उघड मागावेत. पण वजनकाटा ज्याच्या हाती, त्याने पारडी सर्वांना दिसतील अशी धरावीत.

तालमूदने वारसा वाटून घेणाऱ्या भावांना खरेदीदारांसारखे मानले आहे. किमतीत सहाव्या हिश्श्याहून कमी फरक पडला तर वाटणी टिकते. बरोबर सहावा हिस्सा असेल तर तेवढी रक्कम परत करावी. त्याहून जास्त असेल तर वाटणीच रद्द. म्हणजे भावाभावांतही अंदाजाला सूट आहे, लपवाछपवीला नाही.

थोरल्याने सर्व सांगितल्यावर बहीण म्हणाली, "दादा, तूच ठेव," तर ती भेट होते. न सांगता ठेवले, तर तेच नाणे भेट राहत नाही.

म्हणून वाचकहो, असा डबा हाती आला तर प्रथम यादी करा: साल, अक्षरे, झीज. नाणी चिंच लावून घासू नका, त्याने किंमत उतरते. मग यादी सर्व वारसांना पाठवा, आणि त्यानंतरच वाटणीला बसा.