निरोप्याची तब्येत

डिस्क बिघडली की सगळ्यांना कळतं. नारिंगी दिवा लागतो, ईमेल येते, कुणीतरी नवी डिस्क घेऊन रॅककडे निघतं. पण ही खबर देणारा भागच आजारी पडला तर?

डेलच्या पॉवरव्हॉल्ट एमडी१२०० या खोक्यात पुढे १२ डिस्क आणि मागे दोनपर्यंत ईएमएम, म्हणजे एन्क्लोजर मॅनेजमेंट मॉड्यूल, असतात. पंखे, तापमान, पॉवर सप्लाय यांची खबर हीच सर्व्हरला देतात. डेटाही यांच्यातूनच जातो. दोन्हींच्या केबल जोडलेल्या असतील, तर एक मॉड्यूल मेलं तरी काम चालू राहतं. वापरणाऱ्याला काही जाणवत नाही, म्हणून तक्रारही येत नाही. मग ते मॉड्यूल महिनोन्‌महिने मेलेलं राहू शकतं, आणि ज्या जोडीसाठी पैसे मोजले ती फक्त कागदावर उरते.

या खबरींची भाषा ठरवणारं मानक म्हणजे एससीएसआय एन्क्लोजर सर्व्हिसेस. प्रत्येक भागाची स्थिती त्यात एका आकड्याने कळते. १ म्हणजे ठीक. २, ३ आणि ४ हे कमीअधिक गंभीर बिघाड. मला जास्त मोलाचे वाटतात ते उरलेल्यांपैकी चार. ० म्हणजे स्थिती कळवण्याची सोयच नाही, ५ म्हणजे भाग बसवलेलाच नाही, ६ म्हणजे ठाऊक नाही, ७ म्हणजे बसवलाय पण कामाला लावलेला नाही. ‘बिघाड दिसत नाही’ आणि ‘सगळं ठीक आहे’ यांत केवढं अंतर आहे, हे मानक लिहिणाऱ्यांनी ओळखलं होतं. त्यातला ५ तर फारच फसवा. खोकं मुळात एकाच मॉड्यूलचं घेतलं होतं, की दुसरं कुणी काढून नेलं? आकडा ते सांगत नाही. किती असायला हवीत, याची नोंद आपल्याकडेच हवी.

नेगिऑससारख्या देखरेख-प्रणालीतही ३ हा ‘अज्ञात’साठी वेगळा राखलेला आहे. रात्रीचा फोन मात्र बहुधा २ ला, म्हणजे ‘गंभीर’लाच, लावलेला असतो आणि ३ सकाळवर ढकलला जातो. हा आळस मला धोक्याचा वाटतो.

दिव्यावर आंधळेपणाने विसंबलं की काय होतं, याचं एक उदाहरण: २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. नियंत्रण कक्षातला दिवा विझलेला होता, म्हणून चालकांना तो बंद वाटला. खरं तर बंद होण्याचा आदेश गेला, एवढंच तो दिवा सांगत होता. दोन तासांहून अधिक काळ थंड करणारं पाणी निसटत राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. आपल्या खोक्यांत कुणाचा जीव गुंतलेला नसतो, पण चूक त्याच जातीची असते: दिवा पाहायचा, तो नेमकं काय सांगतो आणि शेवटचा कधी ताजा झाला हे पाहायचं नाही.

तेव्हा पुढच्या ठरलेल्या देखभालीच्या वेळी, बॅकअप आहे आणि दोन्ही मार्ग शाबूत आहेत याची खात्री करून, एक मॉड्यूल मुद्दाम काढून बघा. फोन वाजला नाही, तर तुमची देखरेख बंद आहे असंच धरा.