मोडीत गेलेले तांबे

आमच्या बालाघाट जिल्ह्यातले एक गाव पुरातत्त्वाच्या जाड जाड ग्रंथांत आहे; पण जिल्ह्यातल्याच माणसाला त्याचे नाव विचारा, तो तुमच्याच तोंडाकडे पाहील. गावाचे नाव गुंगेरिया. जिल्हा स्थापन झाला १८६७ साली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७० च्या जानेवारीत, गुरे राखणाऱ्या दोन पोरांना तिथे जमिनीतून डोकावणारा तांब्याचा तुकडा दिसला. पोरांनी तो उपटला, तर खाली आणखी. मोजदाद झाली तेव्हा तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे भरले. नुसत्या तांब्याचे वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे पावणेचारशे किलो! चपट्या कुऱ्हाडी, पहारीसारख्या लांब पट्ट्या. चांदीत गोल चकत्या आणि शिंगे असलेल्या बैलाच्या तोंडाचे आकार. एका जागी सापडलेला तांब्याच्या हत्यारांचा एवढा मोठा साठा भारतात दुसरा नाही.

हा साठा आज एका जागी नाही. काही नग नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात आहेत. काही कलकत्त्याला, काही थेट लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये. अहवाल लिहिणाऱ्या कॅप्टन ब्लूमफिल्डचे नाव राहिले. पोरे मात्र माझ्या वाचनात आलेल्या प्रत्येक टिपणात 'गुरे राखणारी दोन पोरे' एवढीच राहिली.

यावर चिडणे सोपे आहे, आणि तरुणपणी मी पुष्कळ चिडलोही. पण साहेबाच्या हाती न पडता तो साठा एखाद्या तांबटाच्या हाती पडला असता, तर पावणेचारशे किलो तांब्याचे काय झाले असते? घागरी झाल्या असत्या. हे मी ठामपणे लिहू शकतो, कारण आमच्या घरात तेच झाले.

वैनगंगेच्या काठी आमच्या काकांचे धानाचे शेत. मी शाळकरी असताना नांगराला तांब्याची एक चपटी, एका अंगाला रुंद अशी वस्तू लागली. काकांनी ती धुऊन देवघराच्या कोनाड्यात ठेवली. दसऱ्याला विळ्या-कोयत्यांबरोबर तिलाही हळदकुंकू लागे. पुढे मी शिक्षक झालो. नोकरी सगळी हिंदीत केली, घरातली भांडणे मराठीत. वाचनात गुंगेरियाची चित्रे आली तेव्हा छातीत धस्स झाले. कोनाड्यातली वस्तू आणि चित्रातली कुऱ्हाड सख्ख्या बहिणी दिसत होत्या. त्या खरोखर तशा होत्या की नाही, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

मी काकांना म्हटले, "हे कलेक्टर कचेरीत कळवायला हवे."

काका म्हणाले, "बाबू, आज वस्तू नेतील, उद्या शेत नेतील. आणि देवघरातली वस्तू कोणी कचेरीत देतो का?"

मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर मला बरेच वाटले. अर्ज, पंचनामा, तहसिलीच्या खेपा सगळेच टळले. पुढे काका गेले. एका उन्हाळ्यात मोडवाला आला आणि काकींनी चेपलेल्या गुंड्या-परातींबरोबर कोनाडाही रिकामा केला. बदल्यात स्टीलचे डबे आले. काकींना काय बोलणार? मी त्यांना त्या वस्तूबद्दल कधी सांगितलेच नव्हते.

१८७८ चा निखात-निधीचा कायदा मी यानंतर वाचला. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर कलेक्टरला कळवायचे. जुना मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारला वस्तू हवी असेल तर किंमत मोजून, वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घ्यायची. शेत नेण्याची गोष्ट त्यात कुठेच नाही. काकांची भीती खोटी होती, पण ती खोटी आहे हे सांगायला गावात माझ्याखेरीज शिकलेले होते कोण?

तरीही काकांचे दुसरे वाक्य मला खोडता येत नाही. वाकाटक राजा दुसरा पृथिवीषेण याचा ताम्रपट आमच्याच जिल्ह्याच्या जंगलात सापडला, तो झाडाला टांगलेला होता अशी नोंद आहे. पट अपुरा, वंशावळ सांगतो आणि थांबतो. टांगणाऱ्याला त्यातले अक्षर कळत नसेल, पण फेकून द्यावे असे काही त्याला वाटले नाही. पंडितांना वाचायला मिळाला तो त्याच्यामुळे. मग राखणारा कोण, वाचणारा की टांगणारा? देवघराने आमची वस्तू मोडवाल्यापासून पंधरा वर्षे तरी वाचवली. मी एक दिवसही वाचवली नाही.

संशोधकाला वस्तूपेक्षा तिच्याभोवतीची माती हवी असते, हे मला फार उशिरा कळले. ती किती खोल होती, कुशीवर होती की उभी, शेजारी खापर होते की राख. गुंगेरियाच्या साठ्याची माती १८७० मध्येच विस्कटली. म्हणून तो इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातला असावा हेदेखील दुसरीकडच्या हत्यारांशी ताडून म्हणावे लागते; आणि एवढे तांबे-चांदी कुणी, कशासाठी पुरले याला नुसते तर्क उरतात. व्यापाऱ्याचा माल म्हणा, देवाला वाहिलेले म्हणा. आज याच जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे, १९८२ सालापासूनची. तिथल्या तांब्याचा हिशेब मात्र टनाटनाने कागदावर असतो.

म्हणजे मला जे करायचे होते त्यासाठी वस्तू कोनाड्यातून हलवायचीही गरज नव्हती. शाळेच्या वहीचे एक पान, पेन्सिलीने तिची कड गिरवायची, वजन लिहायचे आणि काकांचा हात धरून बांधावर जायचे: "कुठे लागली ती?" पोरांना मी वर्षानुवर्षे मोहेंजोदडोच्या विटा पाठ करून घेतल्या, आणि हे एक पान माझ्याने लिहवले नाही.

गेल्या दिवाळीत पुतण्याला हे सांगितले. तो म्हणाला, "चला, जागा दाखवा." गेलो. धान कापून झाले होते. ट्रॅक्टरने सपाटीकरण करताना तीन बांध्यांची एक झाली आहे, मोहाचे झाड गेले आहे. मी काठीने दाखवले, इथे असेल. मग वीस पावले पलीकडे जाऊन म्हटले, किंवा इथे. पुतण्याने खिशातून कागद काढला आणि दोन्ही ठिकाणी फुली मारली.