आधी पुस्तिका उघड, मग तोंड

ग्लोव्ह बॉक्समधली पुस्तिका अजून पिशवीतून बाहेर आलेली नाही, सीटवरचं प्लास्टिक निघालेलं नाही, मीटरवर जेमतेम ६०० किलोमीटर, आणि तू मला विचारतोस, "सर, गाडी ॲव्हरेज काऊन देत नाही?" नवी टर्बो डिझेल घेतलीस, आनंद आहे. नारळ फोडलास, चाकाखाली लिंबू ठेवलंस, बोनेटवर स्वस्तिक काढलंस. त्या बोनेटखाली काय आहे, याचा मात्र एकदाही विचार केला नाहीस. आयटीआयला मेकॅनिक डिझेलच्या वर्गात वर्षभर माझ्यासमोर बसलास ना? पिस्टनवर रिंगा स्वतःच्या हाताने चढवल्यास ना? की तेव्हाही खिडकीबाहेरच लक्ष होतं?

पहिल्याच रविवारी काय पराक्रम केलास, ते सगळ्या गोंदियाला ठाऊक आहे; तूच स्टेटसवर टाकलंस. सात माणसं, मागे सामान, देवरीहून रायपूरकडे जाणारा हायवे, टॉप गिअर, काटा १२० च्या वर. ढाबा दिसला, करकचून ब्रेक मारला आणि त्याच दमात चावी फिरवून गाडी बंद. शाबास! आणि त्यानंतर? रोज संध्याकाळी दारासमोर गाडी उभी, इंजिन चालू, एसी चालू, अर्धा-अर्धा तास गाणी. वर मलाच सांगतोस, "सर, आता गाडीला जपतोच आहे." गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी दिवसभर चिखलणीला जुंपणारा एक मूर्ख, आणि त्याला दावणीवरून सोडायचंच नाही म्हणणारा दुसरा. तू एकट्याने दोघांची कामगिरी बजावलीस.

आता नीट ऐक, पुन्हा सांगणार नाही. सिलिंडरची भिंत मुद्दामच पूर्ण गुळगुळीत ठेवत नाहीत. होनिंग करून तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा काढतात. खाचांत ऑईल धरून राहतं आणि रेघांच्या कडा नव्या रिंगेने घासून बसायच्या असतात. त्या बसल्या की रिंग भिंतीला सगळीकडून टेकते. पण रिंगेला भिंतीवर दाबतं कोण? नुसता तिचा स्वतःचा ताण नव्हे. जळालेला गॅस रिंगेच्या मागच्या फटीत शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. म्हणजेच इंजिनावर थोडा भार पडायला हवा. उभ्या गाडीत भार नाही, म्हणून दाब नाही. रिंग नुसतीच वर-खाली घसरत राहते, भिंतीवर ऑईल भाजून चकचकीत थर धरतो आणि मग ती रिंग पुढेही धड बसत नाही. गाडी ऑईल खाते, सायलेन्सर निळा धूर सोडतो, गॅस रिंगेला चुकवून खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतो. उलट, पहिल्याच दिवशी पूर्ण भार आणि वरचे आरपीएम दिलेस, तर न बसलेल्या कडा इतक्या तापतात की मधला ऑईलचा पापुद्रा तुटतो आणि धातू धातूला ओरबाडतो. २००० आरपीएमला प्रत्येक पिस्टन मिनिटाला ४००० वेळा ती भिंत घासतो. देवरी किती लांब आहे आणि तू किती आरपीएमने गेलास, हिशेब कर.

"आजकाल कंपनीतूनच सगळं होऊन येतं, असं सेल्समन म्हणाला." त्याला गाडी विकायची होती, तुला वापरायची आहे. मशीनिंग पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलं, पथ्यं सैल झाली, हे मीही मानतो. तरी बहुतेक कंपन्या आजही पहिल्या १००० किलोमीटरसाठी सूचना छापतात, त्या काय पानं भरायला? इंग्लंडात एके काळी लोक नव्या गाडीच्या मागे पाटी लावत, 'रनिंग इन, प्लीज पास'. मागच्याला पुढे जाऊ देण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. आणि तू मागच्या काचेवर काय चिकटवलंस? 'दम असेल तर गाठ.'

आता टर्बो. ही काही कालची नवलाई नाही. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ सालीच त्याचं पेटंट घेतलं. शतक उलटून गेलं, तरी तुला त्याची चाल कळलेली नाही. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ते ऑईल पुरवतं इंजिन. तू ढाब्यावर चावी फिरवलीस त्या क्षणी पुरवठा थांबला, पण दांडा फिरतच होता, आणि टर्बाइन ६००-७०० अंशांच्या धुराने तापलेलं होतं. अडकलेलं ऑईल तिथंच करपतं आणि त्याचा कोळसा होतो. हायवेवरून ताणून आल्यावर मिनिटभर गाडी नुसती चालू राहू दे, एवढंच मागणं आहे. ढाब्यावरचा चहा कुठे पळून जात नाही. सकाळी चावी लावल्या-लावल्या रेस देऊन शेजाऱ्यांना उठवण्याची हौसही सोड. ऑईल टर्बोपर्यंत पोचण्याआधीच तू त्याला पळवतोस.

आणि सगळ्यात कहर ऐकला तो परवा. डिपस्टिक काढून मला आनंदाने सांगतोस, "ऑईल एक थेंब कमी नाही सर, उलट वाढलंय!" अरे पोट्ट्या, इंजिनात ऑईल पिकतं का? तुझी गाडी बीएस-६ ची आहे, धुराच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर आहे, डीपीएफ. काजळी जाळायला गाडी बहुधा जादा डिझेल सोडते. सलग रस्ता मिळाला तर काम पुरं होतं. तू तर उभ्या गाडीत गाणी ऐकणार, दळणाला जाऊन पाच मिनिटांत परत येणार. काम अर्धवट राहतं आणि न जळलेलं डिझेल भिंतीवरून ओघळून ऑईलमध्ये उतरतं. वाढलं ते बहुतेक डिझेल आहे. ऑईल पातळ झालं, म्हणजे त्याच न बसलेल्या रिंगांचं आणि त्याच टर्बोचं संरक्षण गेलं. त्यात दुकानदाराने गळ्यात मारलेली 'इंजिन स्मूथ' करणारी बाटली ओतायला निघाला होतास. नव्या इंजिनात कंपनीचं ऑईल सोडून काहीही जाणार नाही, समजलं?

उरलेले ४०० किलोमीटर असे चालव. गोंदिया-गोरेगाव-कोहमारा रस्ता धर. गावं येतात, वळणं येतात, मुरदोलीच्या जंगलात वेग आपोआप उतरतो, आणि तिथे तो उतरवलाच पाहिजे, जनावरं रस्ता ओलांडतात. गिअर बदलत राहतात, भार कमी-जास्त होतो. नव्या इंजिनाला हेच हवं. काटा दीड ते अडीच हजारांच्या आसपास खेळू दे, पायडल तळाला नेऊ नकोस, आणि ४० च्या वेगाला टॉप गिअर टाकून इंजिन धडधडवूही नकोस. दोन-तीन माणसं बस झाली, ट्रॉली ओढायची नाही. ब्रेक आणि टायरही नवेच आहेत, त्यांनाही बसायला वेळ लागतो. ॲव्हरेजचं तोंड काही हजार किलोमीटर उघडू नकोस; रिंगा बसल्याशिवाय ते सुधारत नाही.

आणि डिपस्टिकवरचं ऑईल वरच्या खुणेच्या पुढे असेल, तर सर्व्हिसची तारीख येण्याची वाट बघू नकोस. गाडी वॉरंटीत आहे, घरी काही खोलायचं नाही. उद्या सकाळी कंपनीच्या वर्कशॉपला ने, ऑईलची पातळी त्यांना दाखव, आणि ती जॉबकार्डवर लिहून घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.