खुर्चीचे माप



काही वर्षांपूर्वी आम्ही चारपाच जणांनी वर्गणी काढून आपल्या जिल्ह्यातील अपंग अनाथ मुलांच्या एका आश्रमाला चाकाची खुर्ची दिली. हार, फोटो, खाऊ, सारे यथासांग झाले. वर्षाने पुन्हा गेलो तेव्हा खुर्ची जिन्याखाली होती आणि तिच्यावर धुतलेल्या चादरी रचलेल्या. ज्या मुलासाठी ती दिली, तो सतरंजीवर पडून होता. मला राग आला, हे कबूल करतो. तेथे आठवड्यातून एकदा रत्नागिरीहून दोन एसटी बदलून येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी शांतपणे सांगितले, खुर्ची मोठ्या माणसाची आहे. मुलगा मान आणि कंबर धरत नाही, तीत बसवला की एका अंगावर कलंडतो. आम्ही माप विचारलेच नव्हते.

मी विचारले, "व्यायामाने हा चालू लागेल का?"

"नाही."

"मग कशासाठी?"

त्यांनी समजावले ते असे. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण मूल वाढते. हाडे लांबतात, ताठरलेले स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत. सांधे आखडतात, खुबा निखळू शकतो. म्हणून रोज हातपाय हलक्या हाताने ताणायचे, कूस बदलायची, घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून मान सावरून भरवायचे. हे नेमाने झाले, तर आंघोळीच्या वेळी मूल वेदनेने ओरडत नाही. यश म्हणायचे तर एवढेच, की गेल्या वर्षी होता तसाच तो यंदाही आहे. याचा फोटो निघत नाही.

आता प्रश्न असा. पैसा थोडा आहे. एका मुलाला कॅलिपर लावले तर ते शाळेत जाईल. दुसऱ्याचे हातपाय जन्मभर चोळावे लागतील. आधी कोणाला द्यावे? पहिल्याला, हे मलाही पटते. पण दर वर्षी तेच पटत राहिले, तर दुसऱ्याची पाळी येणार कधी? सुधारणा दिसेल तेथेच द्यायचे ठरवले, की आपण दान देत नाही, परतावा मोजतो.

अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. गाडगेबाबांच्या विचाराने भारलेला हा माणूस. कोणी टाकून दिलेल्या १२३ अपंग मुलांना त्यांनी वडील म्हणून स्वतःचे नाव लावले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, पण त्यांची मागणी जुनीच आहे: अपंग बेवारस मुलांना अठरा वर्षांनंतर बालगृहाबाहेर काढू नये, त्यांना कायम राहू द्यावे असा कायदा करावा. २०१५ च्या बालन्याय कायद्यात अठरा वर्षे पूर्ण झाली की मूल 'मूल' राहत नाही. पुढची अनुरक्षण व्यवस्था साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत. धडधाकट तरुणाला तेवढ्यात नोकरी शोधता येईल. ज्याला कूस दुसऱ्याने बदलून द्यावी लागते, त्याने वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कोठे जावे? बापाला असा प्रश्न पडत नाही. म्हणूनच नाव लावणे हे मला जेवणावळीपेक्षा मोठे दान वाटते.

संत लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी आपण तेल आणि द्राक्षारसासाठी लक्षात ठेवतो. त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी दिली, आणि जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा भागवीन असेही सांगितले, हे प्रवचनात पटकन निसटते. जखमी माणूस किती दिवसांत बरा होईल, हे त्याने विचारल्याचे दिसत नाही.

त्या मुलासाठी पुढे मापाची खुर्ची करून घेतली, मान आणि कुशीला आधार असलेली. पहिल्या खुर्चीपेक्षा महाग पडली. बाईंनी मापे घेतली, तेव्हा तो टेपचे टोक धरून हसत होता. परवा त्यांचा निरोप आला. मुलगा वाढला आहे, पाय खाली लोंबतात, माप पुन्हा घ्यावे लागेल.